प्रोटीएजची ॲक्टिव्हिटी मोजताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचे दिवस आले की मायक्रोबायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये प्रोटीएजबद्दल तेच ते प्रश्न फिरून येतात. बहुतेक जण केसीन (दुधातलं प्रथिन) आणि फोलिन (निळा रंग देणारा रिएजंट) यांवर काम करतात, म्हणून इथे त्याच पद्धतीला जास्त जागा दिली आहे. बाकीच्या पद्धती गरजेपुरत्या.

ॲक्टिव्हिटी मोजतो म्हणजे नेमकं काय मोजतो?

एन्झाईम किती आहे हे नाही, ते किती वेगाने काम करतंय हे. प्रोटीएज प्रथिनातले पेप्टाइड बंध तोडतं. तुटलेला एकेक बंध मोजणं अवघड, म्हणून आपण आडवाटेने जातो. एन्झाईमला केसीन द्यायचं, ठरलेला वेळ थांबायचं आणि मग ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड, म्हणजे टीसीए, ओतायचं. अख्खं केसीन आणि त्याचे मोठे तुकडे साकळून खाली बसतात, बारीक तुकडे द्रावणात राहतात. त्या बारीक तुकड्यांतल्या टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅनमुळे फोलिन रिएजंट निळा होतो. तो निळा रंग शुद्ध टायरोसीनच्या रंगाशी ताडून बघायचा, एवढाच खेळ.

म्हणजे ‘इतके मायक्रोमोल टायरोसीन सुटलं’ असं आपण लिहितो तेव्हा तेवढं मोकळं टायरोसीन नळीत नसतं. तेवढ्या टायरोसीनइतका रंग देणारे तुकडे असतात. तुकडे केवढे असले की ते टीसीएमध्ये विरघळलेले राहतील, हे टीसीएच्या तीव्रतेवर ठरतं. म्हणून कुणी १० टक्के टीसीए वापरलं आणि तुम्ही ११० मिलिमोलर वापरलं (ते जेमतेम १.८ टक्के होतं), तर एकाच एन्झाईमचे दोन आकडे येतील आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतील.

ही पद्धत मुळात कुणाची?

एकाची नाही. निळ्या रंगाचा रिएजंट ऑटो फोलिन आणि व्हिंटिला चोकाल्टू यांनी १९२७ मध्ये दिला. प्रोटीएजसाठी हिमोग्लोबिन वापरून टीसीए-फोलिनची घडी ॲन्सनने १९३८ मध्ये बसवली. कुनिट्झने १९४७ मध्ये केसीन घेतलं आणि फोलिनला फाटा देऊन २८० नॅनोमीटरला थेट रीडिंग घेतलं. आज आपण जे करतो ती या सगळ्यांची खिचडी आहे, त्यामुळे नुसतं ‘ॲन्सनच्या पद्धतीने’ लिहून भागत नाही.

प्रत्यक्ष कृती सांगाल का?

सर्वांत जास्त चालणारी आवृत्ती अशी. पीएच ७.५ चा ५० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट बफर करा आणि त्यात ०.६५ टक्के केसीन विरघळवा, म्हणजे १०० मिलीला ६५० मिग्रॅ. केसीन एकदम ओतलं की गोळे होतात आणि ते शेवटपर्यंत फुटत नाहीत. बफर मॅग्नेटिक स्टररवर फिरत ठेवून चिमटीचिमटीने भुरभुरवा, मग ८० ते ८५ अंशांपर्यंत हळूहळू तापवून दहाएक मिनिटं ठेवा. उकळू द्यायचं नाही. द्रावण एकसारखं, किंचित दुधी दिसलं आणि बीकरच्या काचेला कण चिकटलेले नसले की झालं. गार झाल्यावर पीएच पुन्हा तपासा. हा टप्पा बहुतेक जण गाळतात.

नळीत ५ मिली केसीन घ्या आणि ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये पाच मिनिटं ठेवा, म्हणजे आतलं द्रावणही खरोखर ३७ ला येईल. १ मिली एन्झाईम घाला, नळी हलकेच फिरवा, घड्याळ लावा. बरोबर दहा मिनिटांनी ११० मिलिमोलर टीसीए ५ मिली. आता पांढरा साका दिसेल. तो पुरता बसायला आणखी ३० मिनिटं ३७ अंशांवरच ठेवा, मग ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा किंवा सेंट्रिफ्यूज करा. गाळलेलं द्रावण काचेसारखं स्वच्छ हवं. धूसर असेल तर पुन्हा गाळा, पुढे जाऊ नका.

या द्रावणातले २ मिली, त्यात ५०० मिलिमोलर सोडियम कार्बोनेट ५ मिली आणि लगेच फोलिन १ मिली. बाटलीतला फोलिन २ नॉर्मल असतो, तो चौपट पातळ करून घ्यायचा. पुन्हा ३७ अंशांवर ३० मिनिटं, आणि ६६० नॅनोमीटरला ओडी, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं तो आकडा.

नळ्या जास्त असल्या तर ३०-३० सेकंदांच्या अंतराने एन्झाईम घाला आणि त्याच क्रमाने, त्याच अंतराने टीसीए. दहा मिनिटांत अर्ध्या मिनिटाची चूक म्हणजे आकड्यात पाच टक्के.

ब्लँक कसा करायचा? पाण्याचा चालतो का?

ब्लँक म्हणजे जिचं रीडिंग नमुन्यातून वजा करायचं ती तुलनेची नळी. पाण्याच्या ब्लँकवर मशीन शून्य करा, पण तो प्रयोगाचा ब्लँक नव्हे. या पद्धतीत जेवढे आकडे बिघडतात त्यातले बरेचसे इथे बिघडतात, मशीनमध्ये नाही.

प्रत्येक नमुन्याचा स्वतःचा ब्लँक हवा. त्यात सगळं तेच आणि तेवढंच, फक्त क्रम उलटा. केसीन दहा मिनिटं ३७ अंशांवर, मग आधी टीसीए आणि त्यानंतर एन्झाईम. टीसीएमध्ये पडल्यापडल्या एन्झाईम निकामी होतं, त्यामुळे त्याने केसीन तोडण्याचा प्रश्न नाही. पण नमुन्यासोबत जे काही आलंय ते सगळं ब्लँकमध्येही येतं.

हे ‘जे काही’ फार महत्त्वाचं. कल्चर ब्रॉथमध्ये, म्हणजे जिवाणू ज्यात वाढवतात त्या द्रावणात, पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट असतं. त्यातले टायरोसीनवाले तुकडे टीसीएमध्ये खाली बसत नाहीत आणि फोलिनला झकास निळा रंग देतात. वनस्पतींच्या रसात फिनॉल असतात, तेही निळा रंग देतात. एकच सामाईक ब्लँक करून तो सगळ्या नमुन्यांतून वजा केला, की चोवीस तासांच्या ब्रॉथला जास्त ॲक्टिव्हिटी आणि बहात्तर तासांच्या ब्रॉथला कमी, असा छान दिसणारा आणि निखालस खोटा आलेख मिळू शकतो. तो एन्झाईमचा नसतो, पेप्टोन संपत गेल्याचा असतो.

एन्झाईम उकळून ब्लँक करणारेही आहेत. वज्रेश्वरीसारख्या गरम कुंडातून काढलेल्या जिवाणूचं प्रोटीएज उकळून मरेलच याची खात्री नसते, आणि उकळताना नमुन्यातली इतर प्रथिनं साकळून त्याची घडणच बदलते. टीसीए आधी घालणंच बरं.

टायरोसीनचा स्टँडर्ड ग्राफ कसा काढायचा?

मिलीला ०.२ मिग्रॅ टायरोसीन घ्या, म्हणजे साधारण १.१ मिलिमोलर. टायरोसीन पाण्यात फार कमी विरघळतं, लिटरला अर्धा ग्रॅमही नाही. कोमट करून विरघळवा, पण उकळू नका आणि गार झाल्यावर तळाशी सुया दिसत नाहीत ना ते बघा. नळ्यांत ०.०५, ०.१, ०.२, ०.४ आणि ०.५ मिली घ्या, पाण्याने २ मिली करा आणि कार्बोनेट-फोलिन वर सांगितल्याप्रमाणे. हे अनुक्रमे ०.०५५, ०.११०, ०.२२१, ०.४४२ आणि ०.५५२ मायक्रोमोल होतात.

फोलिनची बाटली बदलली की ग्राफ नव्याने काढायचा. सिनिअरने तीन वर्षांपूर्वी काढलेला, वहीत चिकटवलेला ग्राफ वापरायची जी परंपरा आहे ती बंद करा.

आकडेमोड एकदा करून दाखवा.

समजा नमुन्याच्या ओडीतून त्याच्याच ब्लँकचा ओडी वजा केला आणि ग्राफवर ०.१८ मायक्रोमोल आले. हे फक्त २ मिली गाळलेल्या द्रावणातलं. एकूण द्रावण ५ मिली केसीन, १ मिली एन्झाईम आणि ५ मिली टीसीए मिळून ११ मिली. म्हणून ०.१८ गुणिले ११, भागिले २, म्हणजे ०.९९ मायक्रोमोल. हे दहा मिनिटांत झालं, तर मिनिटाला ०.०९९. एन्झाईम १ मिली घेतलं होतं, म्हणून मिलीला ०.०९९ युनिट. एन्झाईम ५० पट पातळ केलेलं असेल तर मूळ नमुन्यात मिलीला ४.९५ युनिट.

११ आणि २ हे दोन आकडे विसरले जातात. कुणी पद्धत निम्म्यावर आणतं, २.५ मिली केसीन घेतं, अर्धा मिली एन्झाईम घेतं, आणि सूत्र मात्र जुनंच ठेवतं. सूत्र पाठ करण्यापेक्षा प्रत्येक पायरीला ‘हे कितीतलं किती?’ एवढं विचारा.

माझे युनिट १२ आले आणि एका पेपरमध्ये २,१०० आहेत. माझा जिवाणू एवढा वाईट आहे का?

बहुतेक वेळा नाही. मिनिटाला १ मायक्रोमोल टायरोसीनइतका रंग म्हणजे १ युनिट, ही एक व्याख्या. आपल्याकडच्या कितीतरी पेपरांत मिनिटाला १ मायक्रोग्रॅम टायरोसीन म्हणजे १ युनिट धरलेलं असतं. १ मायक्रोमोल टायरोसीन म्हणजे १८१ मायक्रोग्रॅम. तुमच्या १२ ला १८१ ने गुणा, २,१७२ येतात. म्हणजे तुमचा जिवाणू त्या पेपरातल्यापेक्षा थोडा पुढेच आहे.

याखेरीज काही जण मिनिटाऐवजी तास धरतात. ॲझोकेसीन (रंग चिकटवलेलं केसीन) वापरणारे ‘ओडी ०.०१ ने वाढला की १ युनिट’ म्हणतात, आणि त्याचं मायक्रोमोलमध्ये रूपांतर करायची सोयच नसते. एसआय पद्धतीत कटाल आहे, सेकंदाला १ मोल. त्या मापाने मायक्रोमोलवालं १ युनिट म्हणजे १६.६७ नॅनोकटाल. पण बेंचवर कटाल फारसं कुणी वापरत नाही.

तेव्हा पेपर वाचताना आधी आकडा बघू नका, आधी व्याख्या शोधा. सबस्ट्रेट (एन्झाईमला तोडायला दिलेला पदार्थ), पीएच, तापमान, वेळ, टीसीए किती, आणि युनिट मायक्रोमोलचं की मायक्रोग्रॅमचं. यातलं काही दिलेलं नसेल तर त्या पेपरशी तुलना करण्यात अर्थ नाही, मग तो कुठल्याही जर्नलमध्ये असो.

एन्झाईम दुप्पट घातलं, पण रंग दुप्पट आला नाही. का?

कारण तुम्ही सरळ रेषेच्या बाहेर गेलात. एन्झाईम जास्त झालं की सहज तुटणारे बंध लवकर संपतात, तयार झालेले तुकडेच एन्झाईमची जागा अडवतात आणि प्रोटीएज शेजारच्या प्रोटीएजलाही तोडायला लागतं. दहा मिनिटांत मोजलेला वेग मग सुरुवातीचा वेग राहत नाही, सरासरी होते.

दुसऱ्या टोकालाही अडचण आहे, तिच्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. पहिल्या काही तोडींतून निघणारे तुकडे मोठे असतात आणि टीसीएमध्ये केसीनबरोबरच खाली बसतात. एन्झाईम काम करत असतं, आपल्याला दिसत नसतं. फार पातळ नमुन्याचा आकडा त्यामुळे हिशेबापेक्षा कमी येतो.

यावर उपाय एकच. अनोळखी नमुना आला की आधी १०, ५०, १०० आणि ५०० पट पातळ करून चारही बघा. पातळपणाने गुणल्यावर ज्या शेजारच्या दोन पायऱ्या जवळजवळ सारखा आकडा देतात तिथे काम करा. वजाबाकीनंतरचा ओडी ०.१ ते ०.६ च्या आत राहील असं बघा. पाच मिनिटांची एक नळी जोडीला लावा, तिचा रंग दहा मिनिटांच्या निम्मा आला तर निश्चिंत व्हा. याला अर्धा दिवस जातो आणि पुढचे तीन महिने वाचतात.

फोलिन टाकल्यावर रंगच येत नाही, किंवा सगळं ढगाळ होतं.

आधी बाटली बघा. चांगला फोलिन सोनेरी पिवळा असतो. हिरवट झाला असेल तर धूळ किंवा कसल्या तरी सेंद्रिय पदार्थाने तो आधीच थोडा खर्ची पडलाय, टाकून द्या.

बाटली चांगली असेल तर हात बघा. फोलिन आम्लात टिकतो, कार्बोनेटच्या अल्कलीत पडल्यावर काही क्षणांतच निकामी व्हायला लागतो. तेवढ्यात त्याला टायरोसीन भेटलं पाहिजे. एका हाताने फोलिन सोडताना दुसऱ्या हाताने नळी व्होर्टेक्सवर धरा. दहा नळ्यांत फोलिन घालून मग निवांत एकेक हलवली तर प्रत्येक नळीचा रंग वेगळा येणारच.

ढगाळपणा दोन ठिकाणांहून येतो. साका नीट न गाळल्याने किंवा नमुन्यातल्या कॅल्शियममुळे, कारण कॅल्शियम फॉस्फेटशी आणि कार्बोनेटशी दोघांशीही साका करतं. एन्झाईम टिकावं म्हणून कॅल्शियम घालायचंच असेल तर ते एन्झाईम पातळ करायच्या द्रावणात आणि थोडंच घाला, केसीनच्या फॉस्फेट बफरमध्ये नको.

ब्लँकच गडद निळा येतोय.

नमुन्यात फोलिनला क्षपण करणारं काहीतरी आहे. मर्कॅप्टोइथेनॉल, डीटीटी, सिस्टीन, व्हिटॅमिन सी, वनस्पतींचे फिनॉल हे नेहमीचे संशयित. ट्रिस हा बफर आणि धातूंना बांधणारं ईडीटीएही लुडबुड करतात. ब्रॉथ असेल तर रात्रभर थंड बफरमध्ये डायलिसिस करा, बारीक पेप्टाइड निघून जातात आणि ब्लँक उतरतो. ते जमत नसेल तर फोलिनचा हट्ट सोडा.

फोलिन सोडून दुसरं काय?

सर्वांत स्वस्त पर्याय कुनिट्झचा. टीसीएनंतर गाळलेल्या द्रावणाचा २८० नॅनोमीटरला थेट ओडी. रिएजंट वाचतो, पण क्वार्ट्झची क्युवेट लागते, साधी काच किंवा प्लास्टिक त्या तरंगलांबीला चालत नाही. नमुन्यात डीएनए, आरएनए असतील तर तेही तिथे दिसतात.

मला स्वतःला ब्रॉथच्या कच्च्या नमुन्यांसाठी ॲझोकेसीन आवडतं. केसीनला नारिंगी रंग आधीच चिकटवलेला असतो, तुकडे सुटले की रंग त्यांच्याबरोबर द्रावणात येतो. टीसीएने थांबवा, सेंट्रिफ्यूज करा, वरच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड घालून ४४० नॅनोमीटरला वाचा. पेप्टोनला रंग नाही, त्यामुळे पेप्टोनचा त्रास नाही. नमुने पुष्कळ असतील तर हे फार सुटसुटीत. महाग आहे हे खरं, आणि युनिट ओडीतच राहतं हेही खरं.

ट्रिप्सिनसारखं ओळखीचं एन्झाईम असेल तर बीएपीएनए हे छोटं कृत्रिम सबस्ट्रेट घ्या. ते तुटलं की पिवळं पॅरानायट्रोअॅनिलीन सुटतं, आणि ४१० नॅनोमीटरला त्याचा मोलर गुणांक ८,८०० असल्यामुळे स्टँडर्ड ग्राफशिवाय सरळ मायक्रोमोल काढता येतात. शिवाय टीसीए नाही, थांबणं नाही, क्युवेटमध्येच रंग चढताना दिसतो. पाण्यात ते नीट विरघळत नाही, आधी थोड्या डीएमएसओमध्ये घ्या. मात्र ते आर्जिनीनच्या पुढे तोडणाऱ्यांसाठीच आहे. तुमचं एन्झाईम दुसरीकडे तोडत असेल तर शून्य येईल, आणि त्या शून्याचा अर्थ ‘प्रोटीएज नाही’ असा होत नाही.

फ्लुरोसन्सवाली किट आहेत, अगदी कमी एन्झाईमसाठी ती उत्तम. ज्यांच्याकडे प्लेट रीडर आहे त्यांनी वापरावीत.

पेप्सिन मोजायचंय. केसीन चालेल?

नाही. केसीन पीएच ४.६ च्या आसपास आपणहून साकळतं, आणि पेप्सिनला पीएच २ लागतो. ॲन्सनचं हिमोग्लोबिन घ्या, ते आम्लात विरघळलेलं राहतं.

पपईच्या चिकातलं पपेन मोजताना काय सांभाळायचं?

हा प्रश्न आपल्याकडे जास्त येतो, कारण कच्चा माल परसात मिळतो. कच्च्या फळावर सकाळी उभ्या चिरा दिल्या की पांढरा चीक ठिबकतो. तो उघड्यावर राहिला तर हवेने एन्झाईमच्या सक्रिय जागेतला सल्फर ऑक्सिडाइज होतो आणि ॲक्टिव्हिटी झोपते. म्हणून मोजण्याआधी पपेनला सिस्टीनने जागं करावं लागतं, जोडीला धातूंना बांधायला ईडीटीए. नेहमीचं प्रमाण साधारण ५ मिलिमोलर सिस्टीन आणि २ मिलिमोलर ईडीटीए.

आणि इथेच फोलिन फसतो, कारण ही दोन्ही त्याला बिघडवतात. म्हणून पपेनसाठी केसीन, पीएच ६, ४० अंश आणि शेवटी २८० नॅनोमीटरचं रीडिंग हाच धोपट मार्ग. सिस्टीन दर वेळी ताजं करा, कालचं नको. सिस्टीन घालून आणि न घालता असे दोन्ही आकडे काढलेत तर तुमचा चीक किती ‘झोपलेला’ होता तेही कळेल. सुकवण्याच्या दोन पद्धतींची तुलना करायची असेल तर हा फरकच खरा मुद्दा आहे.

चीक हातमोजे घालूनच हाताळा. तो कातडीही पचवतो, आणि वाळलेल्या पपेनची भुकटी नाकात गेली तर ॲलर्जी जडते.

लोणारच्या जिवाणूचं प्रोटीएज पीएच १० ला मोजायचं आहे. वरचीच कृती चालेल का?

लोणारच्या सरोवराचं पाणी पीएच १० च्या आसपासचं, त्यामुळे अल्कधर्मी प्रोटीएज शोधणारे तिथे जात राहतात. (तो परिसर अभयारण्य आहे, माती-पाणी आणण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या.) केसीन पीएच १० ला उलट जास्त छान विरघळतं, त्याची काळजी नाही. काळजी टीसीएची आहे.

हिशेब करून बघा. ११० मिलिमोलर टीसीए ५ मिली म्हणजे ०.५५ मिलिमोल आम्ल. केसीन आणि एन्झाईम मिळून ६ मिली, दोन्ही ५० मिलिमोलर कार्बोनेट-बायकार्बोनेट बफरमध्ये असले तर त्यातली अल्कली साधारण ०.४५ मिलिमोल आम्ल गिळते. उरलं ०.१. एवढ्यात केसीन नीट बसत नाही, द्रावण दुधी राहतं, बुडबुडे येतात ते वेगळेच. मग लोक तक्रार करतात की ब्लँकलाच ओडी येतो. अशा वेळी ग्लायसीन-सोडियम हायड्रॉक्साइडचा बफर घ्या आणि टीसीए ५ टक्क्यांवर न्या. नळीत पीएचची पट्टी बुडवून ते खरंच आम्ल झालंय का बघा. पुढचं सोडियम कार्बोनेट एवढ्या टीसीएला आरामात पुरतं.

ट्रिसचा बफर वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: तापमान एक अंशाने चढलं की त्याचा पीएच सुमारे ०.०२८ ने उतरतो. २५ अंशांना ९.० लावलेला बफर ६० अंशांना ८.० वर येतो. ‘माझ्या एन्झाईमचं इष्टतम तापमान ५० आहे’ असं लिहिण्याआधी पीएच त्या त्या तापमानाला लावला होता का ते तपासा.

कपडे धुण्याच्या पावडरीबरोबर एन्झाईम टिकतं का हे कसं बघायचं?

पावडरीचं द्रावण आधी उकळून गार करा, कारण बाजारातल्या बऱ्याच पावडरींत प्रोटीएज आधीच घातलेलं असतं आणि तुम्ही त्यांचंच मोजत बसाल. पोटॅशियम फॉस्फेटऐवजी सोडियम फॉस्फेट घ्या. एसडीएस हा डिटर्जंट पोटॅशियमबरोबर पांढरा साका करतो आणि तो अगदी केसीनच्या साक्यासारखा दिसतो.

स्किम मिल्क अगारवरचं वलय मोजून ॲक्टिव्हिटी सांगितली तर चालेल?

शंभर कॉलन्यांतून पाच निवडायला वलय चांगलं. आकडा म्हणून नाही. वलयाचा व्यास एन्झाईम अगारमधून किती पसरतं, कॉलनी किती वेगाने वाढते, प्लेट किती जाड ओतली यावरही ठरतो. शिवाय आम्ल सोडणारे जिवाणूही दुधाचा पांढरेपणा बदलतात. वलय खरं आहे का हे बघायला प्लेटवर १० टक्के टीसीए ओता: न तुटलेलं केसीन आणखी पांढरं होतं, प्रोटीएजचं वलय स्वच्छच राहतं.

स्पेसिफिक ॲक्टिव्हिटी कशाला?

मिलीमागचे युनिट वाढले म्हणजे एन्झाईम शुद्ध झालं असं नाही, पाणी कमी झालं असेल. म्हणून मिलीमागचे युनिट मिलीमागच्या प्रथिनाने भागायचे. वरच्या उदाहरणात मिलीला १.२ मिग्रॅ प्रथिन असेल तर ४.९५ भागिले १.२, म्हणजे मिग्रॅमागे सुमारे ४.१ युनिट. प्रथिन ब्रॅडफर्डने मोजा किंवा लॉरीने, पण शुद्धीकरणाच्या पूर्ण तक्त्यात एकच पद्धत ठेवा. अमोनियम सल्फेटनंतर डायलिसिस न करता काहीच मोजू नका.

कुठल्या वर्गाचं प्रोटीएज आहे हे इनहिबिटरने ठरवता येतं का?

बऱ्यापैकी. इनहिबिटर म्हणजे एन्झाईमचं काम अडवणारं रसायन, आणि प्रत्येक वर्गाचा वेगळा. सेरीनवाल्यांना पीएमएसएफ, सिस्टीनवाल्यांना ई-६४, ॲस्पार्टिकवाल्यांना पेप्स्टॅटिन, धातूवाल्यांना ईडीटीए. एन्झाईमला इनहिबिटरबरोबर आधी पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि मग केसीन द्या. इनहिबिटर त्याच्या ब्लँकमध्येही हवा.

दोन ठिकाणी घोटाळा होतो. पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही. पीएच ८ ला २५ अंशांवर साधारण ३५ मिनिटांत निम्मं संपतं. आयसोप्रोपेनॉलमधला स्टॉक शेवटच्या क्षणी घाला, आणि नुसत्या आयसोप्रोपेनॉलची एक नळी लावा. दुसरं, ईडीटीएने ॲक्टिव्हिटी उतरली म्हणून लगेच ‘मेटॅलोप्रोटीएज’ लिहू नका. बॅसिलसची सबटिलिसिन सेरीनवाली असूनही कॅल्शियमवर टिकून राहतात, आणि ईडीटीए ते कॅल्शियम ओढून घेतं. अशा वेळी जस्त ओढणारं १,१०-फिनॅन्थ्रोलिन वापरून बघा.

जेलवर बघता येईल का?

येईल. झायमोग्राफीत एसडीएस जेलमध्ये ०.१ टक्के जिलेटिन मिसळतात, नमुना न उकळता आणि मर्कॅप्टोइथेनॉल न घालता चालवतात, मग ट्रायटन एक्स-१०० ने एसडीएस धुऊन काढून रात्रभर बफरमध्ये ठेवतात. कुमासी या प्रथिनं रंगवणाऱ्या रंगाने जेल निळं होतं आणि प्रोटीएजच्या जागी पांढरे पट्टे उरतात. ब्रॉथमध्ये एक प्रोटीएज आहे की तीन, हे नळीतला आकडा कधीच सांगत नाही, जेल सांगतं.

आमच्याकडे फक्त कलरीमीटर आहे.

चालेल. ६६० चा फिल्टर लावा, नसेल तर ६२० वाला. रंगाचा पट्टा रुंद असतो, फक्त ग्राफ आणि नमुने एकाच फिल्टरवर घ्या.

एन्झाईम किती दिवस टिकतं?

बर्फावर दिवसभर, तेही पातळ न केलेलं. प्रोटीएज स्वतःलाच खातं, आणि खोलीच्या तापमानाला ते भराभर होतं. ट्रिप्सिन १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवतात ते याचसाठी, त्या पीएचला ते निष्क्रिय असतं पण बिघडत नाही. बाकीच्यांचे छोटे भाग करून उणे २० ला ठेवा. एक भाग एकदाच वितळवायचा.

मध्येच लाईट गेली तर?

कुठल्या टप्प्यावर गेली ते बघा. एन्झाईम आणि केसीन एकत्र असताना गेली तर वॉटर बाथचं झाकण लावून थर्मामीटर बघत राहा. भरलेला बाथ दहा मिनिटांत फारसा उतरत नाही. एका अंशापेक्षा जास्त उतरला तर त्या नळ्या फेका. टीसीए पडल्यानंतर गेली तर घाबरायचं कारण नाही, साका थोडा जास्त वेळ बसला तरी चालतं, फक्त सगळ्या नळ्या आणि ब्लँक सारखेच थांबवा. फोलिन घातल्यावर गेली आणि तासभर आलीच नाही, तर रंग पुढे सरकलेला असतो. स्टँडर्डच्या नळ्या त्याच वेळी लावल्या असतील तर सगळ्या एकत्र वाचून काम निभावतं. नसतील, तर गाळलेलं द्रावण उरलंय ना? त्यातले २ मिली घेऊन फोलिन पुन्हा करा.